घटक ५ : खडकावरची पावले – स्थलवर्णनातील पुरावा, तर्क आणि श्रुती

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• गाळाच्या खडकात पक्ष्यांचे पाऊलठसे कसे टिकतात, हे स्पष्ट करता येईल.
• वर्धा-नागपूर परिसरातील जीवाश्मयुक्त थरांची ओळख सांगता येईल.
• स्थलवर्णन लिहिताना प्रत्यक्ष निरीक्षण, तर्क आणि परंपरागत कथा यांतील फरक भाषेतून दाखवता येईल.
• आपल्या गावाविषयीच्या एखाद्या उताऱ्याचे या दृष्टीने संस्करण करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण व्यक्तिचित्र आणि प्रवासवर्णन या गद्यप्रकारांचा विचार केला. या घटकात आपण स्थलवर्णनाकडे वळणार आहोत. आपल्यापैकी अनेकांना पुढेमागे गावाचा इतिहास, देवस्थानाची माहितीपुस्तिका, शाळेच्या स्मरणिकेतील लेख असे काही ना काही लिहावे लागते. असे लेखन करताना एक अडचण हमखास येते. गावाविषयी आपल्याला जे ठाऊक असते त्यातील काही आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, काही अनुमानाने ओळखलेले असते आणि काही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. लिहिताना मात्र हे सारे एकाच सुरात, एकाच क्रियापदात उतरते. मग वाचकाला कशावर किती भरवसा ठेवावा हे कळेनासे होते.

मराठीला स्थलवर्णनाची परंपरा जुनी आहे. चौदाव्या शतकातील महानुभावीय ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या, म्हणजेच ‘चरणांकित’, स्थानांची नोंद करतो. पाऊल जेथे पडले ते स्थान नीट नोंदवून ठेवावे, ही जाणीव त्यामागे आहे. प्रस्तुत घटकातही पावलांचाच विचार आहे; पण ती पावले आहेत कोट्यवधी वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या चिखलातून चालून गेलेल्या पक्ष्यांची. एवढ्या क्षीण खुणेवरून किती सांगता येते आणि कोठे थांबावे लागते, हे समजून घेतले की आपल्या गावाविषयी लिहितानाही लेखणीला शिस्त लागते. उदाहरणासाठी आपण वर्धा जिल्ह्यातील केळझर आणि त्याचा परिसर घेऊ.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ तळ्याकाठचा चिखल आणि त्याचा खडक

पावसाळा सरल्यावर गावतळ्याचे किंवा धरणाचे पाणी हळूहळू मागे हटते. उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर सकाळी गेल्यास पक्ष्यांच्या पावलांची नक्षी दिसते. चिखल फार पातळ असेल तर उमटलेला ठसा लगेच बुजतो; फार वाळलेला असेल तर ठसा उमटतच नाही. या दोहोंच्या मधल्या स्थितीत, मळलेल्या कणकेसारख्या गाळात, बोटांच्या कडा स्वच्छ उमटतात.

असा ठसा टिकण्यासाठी पुढे तीन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, तो थोडा वाळून घट्ट व्हावा लागतो. दुसरी, पुढच्या पाण्याबरोबर आलेल्या बारीक गाळाने तो वाहून न जाता अलगद झाकला जावा लागतो. तिसरी, त्यावर थरावर थर साचून, वरच्या भाराने व पाण्यात विरघळलेल्या खनिजांनी कण एकमेकांना चिकटून, त्या गाळाचा खडक व्हावा लागतो. कालांतराने नदी किंवा समुद्राच्या लाटा तो खडक झिजवतात, थर सुटे होतात आणि खालच्या थरावर खोलगट ठसा, तर वरच्या थराच्या तळाशी त्याचाच उंचवटा दिसतो. मूर्तिकाराचा साचा आणि त्यातून निघालेली मूर्ती यांच्यासारखेच हे नाते आहे.

हाड, शंख, खोड यांचे अवशेष म्हणजे शरीररूप जीवाश्म होत. पाऊलठसा मात्र शरीराचा भाग नसतो. जिवंतपणी केलेल्या एका हालचालीची ती नोंद असते. त्याला आपण खुणारूप जीवाश्म म्हणू. हाड पाण्याबरोबर दूर वाहून जाऊ शकते. ठसा जेथे उमटला तेथेच राहतो. म्हणून ‘हा प्राणी येथे चालला’ हे विधान ठसा जितक्या खात्रीने करू देतो तितक्या खात्रीने हाड करू देत नाही.

५.२.२ पक्ष्याचे पाऊल काय सांगते?

पक्ष्यांच्या पाऊलठशांसाठी दक्षिण कोरियातील गाळाचे खडक जगप्रसिद्ध आहेत. तेथील हमान नावाच्या खडकसमूहातील लहान पाऊलठशांचे वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांना ‘कोरियनऑर्निस हमानेन्सिस’ असे नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे नाव पक्ष्याचे नसून ठशाचे आहे. तो ठसा उमटवणाऱ्या पक्ष्याचा सांगाडा हाती नसल्यामुळे शास्त्रज्ञांनी पक्ष्याला नाव देण्याचे टाळले आणि जे समोर होते त्यालाच नाव दिले. हा भाषेचा संयम आहे आणि तो आपल्याला शिकायचा आहे.

त्याच देशाच्या नैर्ऋत्य भागातील उहांग्री येथील खडकांत पडदेदार पायांच्या पक्ष्यांचे, डायनासोरांचे आणि टेरोसॉर या उडणाऱ्या सरीसृपांचे ठसे मिळाले आहेत. एका जुन्या तळ्याच्या काठावर हे तिन्ही प्रकारचे प्राणी वावरत होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. अमेरिकेतील युटा राज्यातील ग्रीन रिव्हर नावाच्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या खडकात तर पडदेदार पावलांबरोबर चोचीने चिखल चाळल्याच्या बारीक खुणाही उमटल्या आहेत. तेथे पक्षी नुसता चालला नाही, तो अन्न शोधत होता.

मग हा ठसा पक्ष्याचाच, लहान डायनासोरचा नव्हे, हे कशावरून ठरवतात? पक्ष्यांची बोटे सडपातळ असतात आणि बाहेरच्या दोन बोटांमधील कोन मोठा, बहुधा काटकोनाहून अधिक असतो. तीन बोटांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांच्या ठशांत बोटे जाड आणि कोन लहान असतो. काही पक्ष्यांत मागे वळलेल्या चौथ्या बोटाचीही खूण मिळते. यांपैकी एकच लक्षण पुरेसे नसते. अनेक लक्षणे एकत्र आली आणि ओळीने अनेक पावले मिळाली म्हणजे निष्कर्ष बळकट होतो.

हे आपल्याला आजच्या चिखलावरही पडताळता येते. बगळ्याच्या ठशात मागचे बोट लांब व स्पष्ट उमटते. टिटवीचे मागचे बोट अगदी लहान, त्यामुळे तिच्या ठशात बहुधा तीनच बोटे दिसतात. शेकाट्याला तर मागचे बोट नसतेच. बदकाच्या बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ दिसते. चिमणी उड्या मारत जाते, म्हणून तिच्या पावलांच्या जोड्या उमटतात. माग काढणाऱ्याला या गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. भूशास्त्रज्ञही तेच करतो, फक्त त्याचा चिखल दगड झालेला असतो.

*स्वयं-अध्ययन प्रश्न १*
(अ) ‘कोरियनऑर्निस हमानेन्सिस’ हे नाव कशाला दिलेले आहे?
(आ) हाडापेक्षा पाऊलठसा स्थळाविषयी अधिक खात्रीने का बोलतो?

५.२.३ वर्धा-नागपूर परिसरातील तळ्यांचे खडक

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. केळझर हे सेलू तालुक्यातील गाव नागपूर-वर्धा मार्गावर, बोर अभयारण्याच्या टेकड्यांपासून फार दूर नसलेले असे आहे. येथील काळा कातळ, मांजऱ्या आणि मुरूम हे सारे दख्खनच्या लाव्हाचे रूप आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. पूर्वेकडे विदर्भात ती बरीच कमी होते.

तापलेल्या लाव्हात पाऊलठसे कसले टिकणार, असा प्रश्न येथे साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील खंडात आहे. एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मोठा काळ जाई. त्या काळात खोलगट भागांत पाणी साचे, तळी होत, काठी झाडे वाढत, पाण्यात मासे व गोगलगायी येत, तळाशी गाळ साचे. मग पुढचा लाव्हा येऊन ते तळे झाकून टाकी. दोन काळ्या थरांच्या मध्ये सापडणारा हा गाळाचा पातळ थर म्हणजेच अंतराट्रॅपी थर. कोठे तो चिकणमातीचा, कोठे चुनखडीचा, तर कोठे गारगोटीसारख्या कठीण दगडाचा असतो. त्याची जाडी काही सेंटिमीटरांपासून काही मीटरांपर्यंत असते.

या थरांच्या अभ्यासात नागपूरचे नाव अग्रभागी आहे. स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या परिसरातील खडक व जीवाश्म धुंडाळले आणि त्यावरील त्यांचा विस्तृत निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतत असताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या थरांतील सर्वपरिचित जीवाश्म म्हणजे गोड्या पाण्यातील ‘फायसा प्रिन्सेपी’ ही गोगलगाय. माशांचे अवशेष, सूक्ष्म कवचधारी जीव आणि ताडवर्गीय झाडांची दगड झालेली खोडेही मिळतात. वर्धा जिल्ह्यातील नवरगाव येथील अशा अश्मीभूत लाकडांवर संशोधन झालेले आहे. मुंबईत वरळीच्या अशाच थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील लाव्हाच्या तळाखालच्या थरात डायनासोरांची हाडे व अश्मीभूत विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिकताकण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवत डायनासोरांच्या काळातही होते हे सिद्ध झाले.

विदर्भातील हे थर शंख, मासे आणि वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहेत, पाऊलठशांसाठी नाहीत. मग या तळ्यांकाठी पक्षी नव्हतेच, असे म्हणावे का? तसे म्हणणे घाईचे होईल. पाऊलठसा दिसण्यासाठी थराचा रुंद, सपाट पृष्ठभाग उघडा पडावा लागतो. कोरियात तो समुद्रकिनाऱ्यावर लाटांनी उघडला आहे. आपल्याकडे हे पातळ थर विहिरीच्या भिंतीत, नाल्याच्या कडेला, रस्त्याच्या खोदाईत, म्हणजे बहुधा उभ्या छेदात दिसतात. पुस्तकाची पाने न उघडता केवळ कडेने पाहिली तर त्यांतली अक्षरे दिसत नाहीत. तसेच हे आहे. म्हणून ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हते’ ही दोन विधाने वेगळी ठेवावीत.

५.२.४ दगडाच्या कथा : केळझर आणि गिरड

दगड पाहून केवळ भूशास्त्रज्ञच बोलतो असे नाही. लोकपरंपरेनेही दगडांचे वाचन केले आहे. केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी, अशी परंपरा आहे. आदिपर्वातील कथेप्रमाणे गावकऱ्यांनी बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यावा लागे. ब्राह्मणाच्या घरी राहणाऱ्या पांडवांपैकी भीम ती गाडी घेऊन गेला आणि त्याने बकासुराला ठार केले. टेकडीवरील सिद्धिविनायकाचे मंदिर विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाते. मात्र जळगाव जिल्ह्यातील एरंडोलही स्वतःला एकचक्रा म्हणवते. दोन्ही गावांची श्रद्धा खरी आहे. पण ‘एकचक्रा येथेच होती’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तेथील टेकडीवर फळांसारखे दिसणारे गोल दगड विखुरलेले आहेत. एका संताची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा नारळ आदी सारा माल त्याच्या शापाने दगड झाला, अशी कथा सांगतात. भूशास्त्राच्या दृष्टीने हे दगड म्हणजे लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत साचलेल्या झिओलाइट गटातील खनिजांच्या गाठी होत. त्या कधीच सजीव नव्हत्या. म्हणून फळासारख्या दिसल्या तरी जीवाश्म नव्हेत. याउलट देवघरातला शाळिग्राम अनेकदा खरोखरच अमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म असतो. पूजेने दगडाचे जीवाश्मपण नाहीसे होत नाही आणि जीवाश्म ठरल्याने त्याचे देवपणही भक्ताच्या मनातून जात नाही.

कथेला खोटे ठरवणे हा स्थलवर्णनाचा हेतू नसतो. गिरडच्या कथेत निरीक्षण आहे : हे दगड साधे नाहीत, त्यांचा आकार फळांसारखा आहे, हे कोणीतरी बारकाईने पाहिले होते. त्या निरीक्षणाला परंपरेने नीतिकथेचा अर्थ दिला, भूशास्त्राने खनिजांचा दिला. लेखकाने दोन्ही सांगावे; फक्त कोणते कोठून आले ते सांगावे.

५.२.५ तीन शब्दरूपे : आहे, असावे, म्हणे

यासाठी लागणारी साधने मराठीत तयार आहेत.

*आहे* – प्रत्यक्ष पाहिलेल्या, कोणालाही पुन्हा पाहता येईल अशा गोष्टीसाठी. ‘या थरात शंख आहेत.’

*असावे* – पुराव्यावरून केलेल्या तर्कासाठी. विध्यर्थी क्रियापदाचे हे रूप शक्यता व अनुमान दाखवते. ‘शंख गोड्या पाण्यातले आहेत, म्हणजे येथे तळे असावे.’ तर्कामागचा पुरावा त्याच वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात आला पाहिजे, हा येथील नियम.

*म्हणे* – ऐकीव माहितीसाठी. बोलीतील हा छोटा शब्द विधानाची जबाबदारी सांगणाऱ्यावर ठेवतो. औपचारिक लेखनात त्याऐवजी ‘अशी कथा सांगतात’, ‘अशी श्रद्धा आहे’ असे प्रयोग करावेत. मात्र ‘म्हणे’मध्ये कधीकधी थट्टेची छटा येते, श्रद्धेविषयी लिहिताना ती टाळावी.

केळझर आणि एरंडोल यांचे भांडण ‘आहे’ने सुटत नाही, ‘अशी परंपरा आहे’ म्हटले की दोन्ही गावे आपापल्या जागी मानाने राहतात.

५.२.६ उताऱ्याचे संस्करण

पुढील उतारा नमुन्यादाखल रचला आहे.

*मूळ उतारा :* “आमच्या गावी पांडव राहत होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे विशाल सरोवर होते आणि त्याच्या काठी बगळे चरत होते. गावातील विहिरीत शंख सापडले आहेत.”

तिन्ही विधाने एकाच ठामपणे आली आहेत. ‘विशाल’ या विशेषणाला आधार नाही. एका विहिरीवरून तळ्याचा विस्तार कळत नाही. ‘बगळे’ हा तर निव्वळ कल्पनाविलास, कारण पक्ष्याची एकही खूण नोंदलेली नाही. शिवाय ज्यावर तर्क उभा राहायचा तो शंखांचा पुरावा शेवटी, निराधार पडला आहे.

*संस्कारित उतारा :* “गावातील विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये पांढरट दगडाचा हातभर जाडीचा थर लागला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आहेत. त्यावरून, लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील काळात येथे गोड्या पाण्याचे तळे असावे. पांडव वनवासात या गावी राहिले होते, अशी श्रद्धा आहे.”

दुसरा उतारा कमी दिमाखदार आहे. पण उद्या एखाद्या वाचकाने विहिरीत उतरून पाहिले तर तो खरा ठरेल. माहितीपर गद्याचे सौंदर्य या विश्वासार्हतेत असते.

*स्वयं-अध्ययन प्रश्न २*
(अ) गिरडचे गोल दगड जीवाश्म का नव्हेत?
(आ) मूळ उताऱ्यातील ‘विशाल’ हा शब्द का खटकतो?

५.३ सारांश

ओल्या गाळात उमटलेला पाऊलठसा अलगद झाकला गेला आणि गाळाचा खडक झाला, तर तो कोट्यवधी वर्षे टिकतो. दक्षिण कोरिया व अमेरिकेतील तळ्यांच्या खडकांत पक्ष्यांचे असे ठसे मिळाले आहेत. आपल्या प्रदेशातही लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ आहे आणि तो शंख, मासे व खोडांनी समृद्ध आहे. त्याच भूमीवर केळझर आणि गिरडसारख्या कथाही नांदतात. स्थलवर्णनकाराने पाहिलेले, ओळखलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ न करता तिन्हींना वाक्यात आपापली जागा द्यावी.

५.४ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

अंतराट्रॅपी थर – लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये साचलेला गाळाचा थर
खुणारूप जीवाश्म – प्राण्याच्या हालचालीची खडकात टिकलेली खूण
मांजऱ्या – पोकळ्या व पांढऱ्या खनिजांच्या गाठी असलेला लाव्हाचा खडक
श्रुती – (येथे) ऐकीव, परंपरेने आलेली माहिती

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पक्ष्याला नव्हे, पाऊलठशाला. (आ) हाड वाहून दुसरीकडे जाऊ शकते. ठसा उमटल्या जागीच राहतो.
२. (अ) त्या लाव्हाच्या पोकळ्यांत साचलेल्या खनिजांच्या गाठी आहेत. त्या कधीच सजीव नव्हत्या. (आ) एका विहिरीतील थरावरून तळ्याचा विस्तार सांगता येत नाही.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हते’ या विधानांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. लोककथेतील निरीक्षण आणि तिचा अर्थ यांत भेद कसा करावा, ते गिरडच्या कथेच्या आधारे लिहा.
३. आपल्या परिसरातील देवस्थानाच्या एखाद्या माहितीपत्रकातील दहा वाक्ये निवडून ‘आहे’, ‘असावे’, ‘म्हणे’ या तीन गटांत त्यांची विभागणी करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

(अ) हिवाळ्यात जवळच्या तळ्याच्या ओल्या काठावर सकाळी जाऊन पक्ष्यांचे किमान तीन वेगवेगळे पाऊलठसे शोधा. प्रत्येक ठशाचे रेखाटन करा, लांबी मोजा आणि मागचे बोट आहे की नाही ते नोंदवा. पक्षी प्रत्यक्ष पाहिला असेल तरच त्याचे नाव लिहा. अन्यथा ‘असावा’ म्हणून कारण द्या.

(आ) गावात विहीर किंवा रस्ता खोदताना शंख, खोड किंवा ठसा असलेला दगड दिसल्यास तो फोडून काढू नका. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. जागा, खोली आणि वरखालचे थर लिहून ठेवा. नागपूर येथील विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तेथील कार्यालयाला ती नोंद कळवता येईल. जागेवरून हललेला दगड बरेच काही विसरतो. आपली नोंद तेवढे वाचवू शकते.